मुलांचं वाढतं वजन, हार्मोन्स आणि चयापचय : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाचं वजन वाढलं की घरात पहिल्यांदा दोष वाटला जातो. कधी मुलाच्या जिभेला, कधी आईच्या लाडांना, कधी 'हार्मोन्स'ना. गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनाने या दोषारोपांतले बरेचसे खोटे ठरवले आहेत. ती माहिती पालकांपर्यंत पोचावी, म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मूल लठ्ठ आहे की नुसतंच अंगाने भरलेलं, हे कसं ठरवतात?

वजनकाट्यावरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मोठ्या माणसांना बीएमआयची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) एकच ठरावीक मर्यादा लावतात. मुलांना ती लावता येत नाही, कारण वाढीच्या वयात बीएमआय मुळातच बदलत असतो. पहिल्या वर्षात तो चढतो, मग उतरत जातो, साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास सगळ्यात खाली येतो आणि तिथून पुन्हा वर जाऊ लागतो. म्हणून मुलाचा बीएमआय त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांच्या तक्त्यावर मांडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ ते १९ वर्षं या वयात मध्यकापेक्षा (त्या वयाच्या मुलांच्या बरोबर मधल्या आकड्यापेक्षा) एका प्रमाण विचलनाहून (आकडे मधल्यापासून साधारण किती पसरलेले असतात त्याच्या मापाहून) जास्त असेल तर 'जास्त वजन' आणि दोनहून जास्त असेल तर 'लठ्ठपणा' म्हणतात. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये उंचीच्या मानाने वजन पाहतात आणि तिथे या रेषा अनुक्रमे दोन आणि तीन प्रमाण विचलनांवर आहेत.

बीएमआयला मर्यादा आहेत. चरबी किती, स्नायू किती हे तो सांगत नाही, आणि चरबी कुठे साठली आहे हेही सांगत नाही. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी मांड्यांवरच्या चरबीपेक्षा जास्त त्रासदायक असते. त्यासाठी एक सोपं माप उपयोगी पडतं : कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर लक्ष द्यायला हवं.

आमच्या मुलाचं वजन 'हार्मोन्समुळे' वाढलंय का?

बहुधा नाही. आणि हे ओळखायची सगळ्यात चांगली खूण कुठल्याही रक्त तपासणीत नाही, ती उंचीत आहे.

थायरॉइड कमी काम करणं, शरीरात कॉर्टिसॉल जास्त तयार होणं (कुशिंग सिंड्रोम), वाढीचं हार्मोन कमी पडणं या आजारांत वजन वाढतं खरं, पण त्याच वेळी उंचीची वाढ मंदावते. नेहमीच्या लठ्ठपणात याच्या उलट घडतं. ही मुलं बहुतेकदा बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच असतात, आणि त्यांच्या हाडांचं वयही थोडं पुढे गेलेलं असतं. म्हणून मूल जाड आणि उंच असेल, दर वर्षी नीट वाढत असेल, तर हार्मोनचा आजार असण्याची शक्यता फार कमी. जाड आहे, पण दोन वर्षांपूर्वीचीच पँट लांबीला अजून बरोबर बसते, असं असेल तर मात्र तपासणी लांबवू नका.

एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली मुलांच्या लठ्ठपणाबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. उंची नीट वाढत असलेल्या मुलांच्या हार्मोन्सच्या तपासण्या सरसकट करू नयेत, असंच त्यांत म्हटलं आहे. तरीही तपासण्यांची लांबलचक यादी घेऊन फिरणारे पालक सगळीकडे दिसतात. त्या पैशांपेक्षा मागच्या चार वर्षांतल्या उंची-वजनाच्या नोंदी कितीतरी जास्त सांगून जातात.

औषधांचा इतिहास मात्र जरूर सांगा. तोंडाने घेतलेली स्टेरॉइड्स, फिट्सवरची काही औषधं (उदा. व्हॅल्प्रोएट) आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. पण ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

टीएसएच थोडा जास्त आला आहे. म्हणजे थायरॉइडच ना?

लठ्ठ मुलांमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) किंचित वाढलेला आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) व्यवस्थित, असं चित्र नेहमी दिसतं. बहुतेक वेळा ते वाढलेल्या वजनाचं कारण नसून परिणाम असतो. वजन उतरलं की आकडाही खाली येतो. अशा मुलांना थायरॉइडची गोळी देऊन वजन कमी होत नाही. टी-४ कमी असेल, उंची थांबली असेल, गळ्याला सूज असेल, तर गोष्ट वेगळी.

मग हार्मोन्सचा लठ्ठपणाशी काहीच संबंध नाही?

फार मोठा संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही.

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या एका वंशात अतिशय लठ्ठ, सतत खाणारे उंदीर जन्माला आले. त्यांच्यात काय बिघडलं आहे याचा शोध जवळजवळ अर्धशतक चालला. डग्लस कोलमन यांनी वेगवेगळ्या उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून दाखवून दिलं की भूक आवरणारा कुठलातरी पदार्थ रक्तातून वाहत असतो आणि या उंदरांमध्ये तो नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. तो पदार्थ म्हणजे लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतून स्रवतं आणि शरीरात साठा किती आहे हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतं. तोपर्यंत चरबीकडे निव्वळ कोठार म्हणून पाहिलं जायचं. ती स्वतःच एक अंतःस्रावी अवयव आहे, हे तेव्हापासून सर्वमान्य झालं.

माणसांतला पुरावा १९९७ साली केंब्रिजमधून आला. सदफ फारूकी आणि स्टीफन ओ'राहिली यांच्या गटाने दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांचा अभ्यास केला. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं आणि दोन वर्षांच्या मुलाचं २९ किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. त्यातल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात १६ किलोंहून जास्त वजन उतरलं, आणि मुख्य म्हणजे तिची न भागणारी भूक शमली. ज्या मुलीला त्याआधी कुणीही 'हावरट' म्हटलं असतं, तिला खरं तर एका प्रथिनाची कमतरता होती. मुलांच्या वजनाबद्दल मत बनवण्याआधी प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

पण असे रुग्ण जगात मोजकेच. नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. एकसारखा आवाज कानावर पडत राहिला की कान त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात, तसं मेंदूचं लेप्टिनच्या बाबतीत होतं. म्हणून अशांना वरून लेप्टिन देऊन उपयोग होत नाही. आणि वजन उतरू लागलं की लेप्टिन झपाट्याने घटतं. मेंदूला ती उपासमारीची सूचना वाटते. जठरातून येणारं घ्रेलिन, म्हणजे भूक जागवणारं हार्मोन, वाढतं. ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसांवर झालेल्या २०११ सालच्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर एक वर्ष उलटलं तरी हे बदल पूर्ववत झालेले नव्हते. एखादं मूल काही आठवडे नेटाने प्रयत्न करून पुन्हा जास्त खाऊ लागतं, तेव्हा त्याची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते. त्याचं शरीर त्याच्याविरुद्ध जोर लावत असतं.

लठ्ठपणा आनुवंशिक असेल, तर प्रयत्न करण्यात अर्थ काय?

जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकात जनुकांचा वाटा साधारण ४० ते ७० टक्के येतो. हा आकडा घाबरवणारा वाटतो. पण जगभरातल्या ५ ते १९ वर्षांच्या लठ्ठ मुलांची संख्या १९७५ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख होती, ती २०२२ मध्ये जवळपास १६ कोटी झाली. एवढ्या थोड्या काळात माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते भोवताल : सहज मिळणारे कॅलरीने भरलेले पदार्थ, गोड पेयं, बसून जाणारा वेळ, तुटपुंजी झोप. या भोवतालात कोणाचं वजन लवकर वाढणार, हे मात्र जनुकं बऱ्याच अंशी ठरवतात. म्हणूनच एकाच घरात, एकाच ताटातलं जेवून दोन भावंडांची अंगकाठी वेगळी असते.

एकाच जनुकातल्या दोषामुळे येणारा लठ्ठपणा विरळा आहे. त्यात एमसी४आर या, मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या मार्गातल्या जनुकातला दोष सगळ्यात जास्त आढळतो. पाच वर्षांच्या आतच अतिशय तीव्र लठ्ठपणा आला असेल आणि जोडीला कधीच न शमणारी भूक असेल, तर जनुकीय तपासणीचा विचार करतात. प्राडर-विली सिंड्रोमसारख्या काही विकारांत विकासाचे टप्पेही उशिरा गाठले जातात. ही तपासणी नुसती कुतूहलापोटी करत नाहीत. भुकेच्या याच मार्गातल्या काही दोषांवर सेटमेलॅनोटाइड नावाचं औषध आता उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला २०२० साली मान्यता मिळाली.

मानेवर, काखेत काळसर, मखमलीसारखी त्वचा दिसते. घासूनही जात नाही.

तो मळ नाही, कृपा करून घासू नका. त्याला अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात आणि मुलांमध्ये बहुतेकदा तो इन्सुलिन प्रतिरोधाचा माग असतो. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं.

इथे वयात येण्याचा काळ महत्त्वाचा. या काळात प्रत्येकच मुलाची इन्सुलिन-संवेदनशीलता काही काळ पाव ते एक तृतीयांशाने घटते, सडपातळ मुलांचीही. वाढीच्या हार्मोनची लाट त्याला कारणीभूत असते. निरोगी स्वादुपिंड ते निभावून नेतं आणि पुढे सगळं पूर्ववत होतं. पण आधीच वजनामुळे ताण असेल तर हा जादा भार झेपत नाही. मुलांमधला टाइप-२ मधुमेह बहुतेकदा याच वयात उघडा पडतो, तो यामुळेच.

उपाशीपोटी इन्सुलिन मोजण्याची तपासणी मात्र फारशी कामाची नाही. आकडे प्रयोगशाळेगणिक बदलतात आणि उपचार त्यावरून ठरत नाहीत.

मुलांना टाइप-२ मधुमेह होतो? तो तर मोठ्यांचा आजार.

होतो, आणि मोठ्यांपेक्षा वेगाने बिघडतो. अमेरिकेतल्या 'टुडे' या अभ्यासात १० ते १७ वर्षांची ६९९ मुलं होती. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की केवळ मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असलेल्या सुमारे निम्म्या मुलांची साखर ताब्यात राहिली नाही. २०२१ मध्ये पुढचा अहवाल आला. तोवर या मुलांचं सरासरी वय सव्वीसच्या आसपास पोचलं होतं, आणि त्यांतल्या दहापैकी सहा जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी किमान एक गुंतागुंत झालेली होती. सव्विसाव्या वर्षी. हा अहवाल वाचल्यावर 'अजून लहान आहे, बघू पुढे' हे वाक्य ऐकवत नाही.

सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. काही दुखत तर नाही.

दुखत नाही, म्हणूनच ती मागे पडते. लठ्ठ मुलांमध्ये यकृताचा हा सर्वांत जास्त आढळणारा दीर्घकालीन आजार आहे. काहींमध्ये चरबीबरोबर सूज येते आणि पुढे यकृत कडक होऊ लागतं. एएलटी या साध्या रक्त तपासणीने त्यावर लक्ष ठेवता येतं. दिलासा असा की सुरुवातीच्या टप्प्यातली चरबी उलटवता येते, आणि साखर घातलेली पेयं कमी केल्याने त्यात खरोखर फरक पडतो.

वजनामुळे मुली लवकर वयात येतात का?

मुलींच्या बाबतीत हा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. वयात येण्याची घडी सुरू व्हायला शरीरात पुरेसा साठा आहे अशी सूचना मेंदूला लागते, आणि ती सूचना देणाऱ्यांत लेप्टिन येतं. लेप्टिन एकटं घडी सुरू करत नाही, पण त्याच्यावाचून ती सुरूही होत नाही. लेप्टिन जन्मतःच नसलेली मुलं आपणहून नीट वयात येत नाहीत. मुलग्यांमध्ये चित्र तितकं सरळ नाही. काही अभ्यासांत लवकर, तर काहींत उशिरा असं आढळलं आहे.

छातीवरची चरबी आणि खरी स्तनवाढ यांत गल्लत सहज होते. ती हाताने तपासूनच कळते. मुलीमध्ये आठव्या वर्षाआधी आणि मुलग्यात नवव्या वर्षाआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर दाखवून घ्या. पाळी सुरू झाल्यावर दीर्घकाळ अनियमित राहिली, चेहऱ्यावर केस वाढले, तर पीसीओएसचा (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाचा) विचार होतो. तिथेही वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं.

मोठं झालं की बाळसं उतरेल ना?

तान्ह्या बाळाचं बाळसं उतरतं. दोन वर्षांनंतरचं वजन मात्र सहसा आपोआप उतरत नाही. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी ५१,००० हून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये जे मांडलं, ते पालकांनी जाणून घेण्यासारखं आहे. तीन वर्षांच्या वयात लठ्ठ असलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलं किशोरवयातही जास्त वजनाची किंवा लठ्ठ होती. आणि किशोरवयात लठ्ठ असलेल्या मुलांचं वजन सगळ्यात वेगाने वाढलं होतं दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान. म्हणजे ज्या वयात आपण गालगुच्चे घेऊन कौतुक करतो, त्याच वयात पाया घातला जात असतो.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. चार दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये काढलेल्या निष्कर्षात, लहानपणी जास्त वजनाचे पण मोठेपणी लठ्ठ नसलेल्या लोकांना मधुमेह, उच्च रक्तदाब यांचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच होता. डेन्मार्कमधल्या ६२,००० हून जास्त पुरुषांच्या नोंदींतही असंच दिसलं : सातव्या वर्षी वजन जास्त होतं पण तेराव्या वर्षाच्या आत आटोक्यात आलं, अशांना टाइप-२ मधुमेहाचा जादा धोका राहिला नाही. शरीर जुना हिशेब धरून बसत नाही. मात्र लवकर सुरुवात करावी लागते.

नेमकं काय केल्याने फरक पडतो?

मुलांवरच्या चांगल्या प्रयोगांतून ज्याला आधार मिळाला आहे तेवढंच सांगतो.

पहिलं, गोड पेयं. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांवर दीड वर्ष चाललेल्या प्रयोगात रोज २५० मिलीलिटर पेय दिलं गेलं, निम्म्यांना साखरेचं आणि निम्म्यांना बिनसाखरेचं. कोणाला कोणतं हे मुलांना ठाऊक नव्हतं. बिनसाखरेच्या गटाचं वजन सुमारे एक किलोने कमी वाढलं. दिवसाला एका पेल्याचा हा परिणाम. फळांचा रसही याच खात्यात धरा. फळ खाण्याला रसाची बरोबरी नाही.

दुसरं, झोप. हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांवरच्या छोट्याशा अभ्यासात झोपेची वेळ एका आठवड्यात वाढवली आणि एका आठवड्यात कमी केली. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी रोज सरासरी १३४ कॅलरी कमी घेतल्या. त्यांना 'कमी खा' असं कोणीही सांगितलेलं नव्हतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी. झोपताना मोबाइल खोलीबाहेर, हा नियम मोठ्यांनीही पाळला तरच टिकतो.

हालचाल दिवसाला सरासरी तासभर. त्यातून वजन फार उतरतं असं नाही, पण वजन तेवढंच राहिलं तरी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि यकृत सुधारतं.

बदल संपूर्ण घराने करायचे. एकाच मुलाच्या ताटावर पहारा बसवला की ते चोरून खायला शिकतं. वाढत्या वयात प्रत्येकाचं वजन उतरवावंच लागतं असंही नाही. बऱ्याचदा वजन आहे तिथे थांबवलं आणि उंची वाढू दिली, तर बीएमआय आपोआप खाली येतो. बाजारातले डाएट मुलांवर कधीही आजमावू नका.

त्या नव्या इंजेक्शनांचं काय?

सेमाग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड ही आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या हार्मोनसारखी काम करणारी औषधं आहेत. १२ ते १७ वर्षांच्या २०१ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडच्या गटाचा बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी घटला. नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) मिळालेल्यांत जवळपास काहीच बदल नव्हता. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतंच. तोपर्यंत कुठल्याही गोळी-इंजेक्शनाने किशोरवयात इतका फरक दाखवला नव्हता.

तरीही हे प्रत्येकासाठी नाही. मळमळ, उलट्या बऱ्याच जणांना होतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि औषध थांबवलं की वजन परत येतं. ते का, हे वर लेप्टिनच्या उत्तरात आलंच आहे. तीव्र लठ्ठपणा किंवा त्याचे दुष्परिणाम दिसत असतील, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हा उपचार योग्य आहे, आणि तो घेणं म्हणजे हार मानणं मुळीच नव्हे. दमा असलेल्या मुलाला पंप देताना आपण त्याच्या निग्रहाची परीक्षा घेत नाही.

मुलाशी वजनाबद्दल बोलायचं कसं?

जमेल तितकं कमी. अमेरिकेत मिनेसोटातल्या किशोरवयीन मुलांवरच्या २०१३ सालच्या अभ्यासात, ज्यांचे आईवडील वजनाबद्दल बोलत त्या मुलांमध्ये उपाशी राहणं, अघोरी डाएट असे प्रकार जास्त आढळले. पौष्टिक खाण्याबद्दल बोलणाऱ्यांच्या मुलांमध्ये ते कमी होते. तेव्हा 'जाडा', 'ढब्बू' ही लाडाची हाकही बंद करा. नातेवाईक बोलले तर मुलासमोरच त्यांना थांबवा. आपली बाजू घेणारं कोणीतरी आहे हे त्याला दिसू दे. ताकद, दम, झोप, खेळ याबद्दल बोला. शाळेत चिडवतात का, हे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

जन्माचं वजन आणि तेव्हापासूनच्या उंची-वजनाच्या जितक्या मिळतील तितक्या नोंदी. लसीकरणाची वही किंवा शाळेचं आरोग्यपत्रक यांत त्या बऱ्याचदा सापडतात. आईवडिलांची उंची. कुटुंबात मधुमेह, हृदयविकार, थायरॉइड कोणाला आणि कितव्या वर्षी झाला ते. गरोदरपणी आईला मधुमेह होता का. चालू असलेली सगळी औषधं. मूल रात्री घोरतं का, झोपेत श्वास अडकतो का, हे एक-दोन रात्री जागून पाहा.

तपासण्यांमध्ये मुलाच्या मापाचा पट्टा वापरून घेतलेला रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तातली चरबी आणि एएलटी एवढं सुरुवातीला बहुतेकांना पुरतं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के आला तर मधुमेहाची पूर्वावस्था आणि ६.५ किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह समजतात, मात्र त्रास काही नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तहान फार लागत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल आणि वजन अचानक उतरू लागलं असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.